जागा पाहावी, मग लाकूड

इंदूरच्या जुन्या वस्तीच्या मध्यभागी होळकरांचा राजवाडा उभा आहे. त्याचे प्रवेशद्वार सात मजल्यांचे असून त्यातील खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. पाहणाऱ्याची दृष्टी सहसा वरच्या सज्जांवर आणि झरोक्यांवर खिळून राहते. परंतु ज्याला स्वतःचे घर बांधावयाचे आहे, त्याने जेथे दगड संपतो आणि लाकूड सुरू होते, त्या सीमारेषेकडे क्षणभर पाहावे. जमिनीतून चढणारी ओल, वाळवी, जनावरांचे व माणसांचे धक्के आणि माथ्यावरचे सगळे ओझे हे खालच्या मजल्यांच्या वाट्याला येते. तेथे दगड आहे. वर ओल पोचत नाही, वारा खेळतो आणि भार जितका हलका तितका पायाला बरा. तेथे लाकूड आहे. माळव्यातल्या काळ्या दगडाचे वजन घनमीटरला सुमारे २७०० किलो भरते, तर वाळलेल्या सागाचे सुमारे ६५०. म्हणजे चौथा हिस्सा. बांधकामासाठी लाकूड निवडण्याचे सारे शास्त्र या एका दर्शनी भिंतीत सामावलेले आहे. आधी जागेची प्रकृती ओळखावी आणि मग त्या जागेला मानवेल असे लाकूड शोधावे.

व्यवहारात मात्र क्रम उलटा लागतो. घर बांधावयास निघालेला गृहस्थ ‘सर्वांत चांगले लाकूड कोणते?’ असे विचारीत बाजारात जातो. उत्तर ठरलेले असते: सागवान. मग ऐपत असेल तो माळ्याच्या फळीपासून देवघराच्या चौरंगापर्यंत सर्वत्र साग लावतो, आणि ऐपत नसेल तो हाती लागेल ते स्वस्त लाकूड सर्वत्र लावतो. दोघांचाही पैसा काही अंशी वायाच जातो. पहिल्याने जेथे गरज नव्हती तेथे खर्च केलेला असतो. दुसऱ्याने जेथे काटकसर चालत नव्हती तेथे ती केलेली असते. आयुष्याची पुंजी घालून एकदाच घर बांधणाऱ्या कुटुंबाला ही चूक सहसा सुधारता येत नाही. चौकट एकदा भिंतीत बसली की ती बदलावयास भिंत फोडावी लागते.

लाकडाची निवड समजण्यासाठी प्रथम लाकूड म्हणजे काय हे ध्यानात घेतले पाहिजे. सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता लाकूड म्हणजे उभ्या दिशेने रचलेल्या असंख्य बारीक नळ्यांची मोळी दिसते. जिवंत झाडात या नळ्यांच्या पोकळीतही पाणी असते आणि त्यांच्या भिंतींतही पाणी मुरलेले असते. झाड तोडल्यावर प्रथम पोकळीतले पाणी जाते. त्याने वजन कमी होते, पण आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतके पाणी शिल्लक राहिले म्हणजे भिंतींतले पाणी निघू लागते, आणि तेथून पुढे लाकूड आकसते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ते मध्यम असते, आणि वार्षिक वलयांच्या कडेने जाणाऱ्या दिशेने त्याच्या जवळजवळ दुप्पट असते. फळी पिळवटते, पन्हळीसारखी वाकते वा चिरते, त्याचे मूळ या असमान आकसण्यात आहे.

हिशेब करून पाहिला तर त्याचे गांभीर्य कळते. एखाद्या जातीचे लाकूड वलयांच्या दिशेने पूर्ण वाळेपर्यंत ८ टक्के आकसते असे धरले, आणि त्याची ३०० मिलिमीटर रुंद ओली फळी दारात बसविली, तर ३० टक्क्यांवरून १२ टक्क्यांपर्यंत वाळताना ती सुमारे १४ मिलिमीटर अरुंद होईल. म्हणजे दारात बोट जाईल एवढी फट! सागाची कीर्ती पुष्कळ अंशी येथे आहे. तो मोठ्या प्रमाणात आकसत नाही, आणि एकदा वाळून स्थिर झाला की ऋतुमानाप्रमाणे फारसा हलत नाही. माळव्यात या गुणाची कसोटी दरवर्षी लागते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. येथे वैशाखाची हवा कोरडी ठणठणीत असते आणि आषाढ-श्रावणात तीच हवा ओलीचिंब होते. उन्हाळ्यात लाकूड ओल सोडते, पावसाळ्यात ती परत घेते. श्रावणात दार फुगून बसते आणि चैत्रात त्याच दाराची कडी ढिली होते, ही प्रत्येक घरची तक्रार याच कारणाने होते.

म्हणून जातीच्या आधी वाळवणीची चौकशी केली पाहिजे. दारे-खिडक्यांसाठी लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असावे. त्याची परीक्षा घरीही करता येते. फळीच्या टोकाचा तुकडा लवकर वाळतो, म्हणून तो न घेता मधल्या भागातून एक लहान तुकडा कापावा व लगेच त्याचे वजन करावे. मग तो भट्टीत मंद आचेवर, वजन उतरावयाचे थांबेपर्यंत वाळवावा. पहिले वजन २३० ग्रॅम आणि शेवटचे २०० ग्रॅम भरले, तर ३० ग्रॅम पाणी गेले. कोरड्या वजनाच्या मानाने ते १५ टक्के झाले. असे लाकूड आणखी काही आठवडे सावलीत, फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या घालून, वारा लागेल असे रचून ठेवणे इष्ट. उन्हात टाकून घाईने वाळविल्यास वरचा थर आधी आकसतो आणि लाकूड चिरते. ओल्या सागापेक्षा नीट वाळलेले दुय्यम लाकूड दाराला अधिक चांगले, हे सूत्र गृहस्थाने पाठ करून ठेवण्यासारखे आहे.

दुसरा विचार टिकाऊपणाचा. लाकडाचे शत्रू मुख्यतः तीन: बुरशी, वाळवी आणि भुंगेरे. कुजविणाऱ्या बुरशीला लाकडात सुमारे २० टक्क्यांहून अधिक ओल लागते. त्याहून कोरडे राहणारे लाकूड कुजत नाही. याचा प्रत्यक्ष पुरावा पुणे जिल्ह्यात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानदार छताखाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसविलेल्या सागाच्या फासळ्या आजही दिसतात. वर डोंगराचे छत्र आणि खाली खेळती हवा असल्यामुळे त्या वाचल्या. हाच साग उघड्यावर जमिनीत पुरला असता तर त्याची इतकी शतके गेली नसती. सागाची पाण्याशी मैत्री तितकीच प्रसिद्ध आहे. मुंबईच्या गोदीत सागात बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरविलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ गलबत इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे.

वाळवीपासून रक्षण मात्र जातीवर आणि त्याहूनही लाकडाच्या भागावर अवलंबून असते. झाडाच्या बुंध्यात आतला गडद रंगाचा गाभा आणि बाहेरचा फिकट थर असे दोन भाग असतात. बाहेरच्या थरातून झाड रस वाहून नेते. त्यात पिष्टमय अन्न असते आणि ते कीटकांना प्रिय असते. गाभ्यात झाडाने तेलकट व कडवट द्रव्ये साठविलेली असतात. सागाचा विशिष्ट वास आणि तेलकट स्पर्श यांचाच. सागाला वाळवी लागत नाही हे म्हणणे त्याच्या गाभ्यापुरतेच खरे आहे. सागाचा पांढरट थर वाळवी आंब्याच्या फळीइतक्याच आवडीने खाते. तेव्हा सौदा करताना ‘साग आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. चौकटीच्या कडेला पांढरा पट्टा किती आहे, हे डोळ्यांनी पाहावे.

आता घरातील एकेक जागा घेऊ. खांब आणि तुळया यांना प्रथम ताकद व ताठरपणा हवा. लाकडी बांधकामाच्या ८८३ क्रमांकाच्या भारतीय मानकात लाकडांचे ताठरपणावरून तीन गट केले आहेत. त्यात साल पहिल्या गटात आहे आणि साग दुसऱ्या. मंडला-बालाघाटाकडच्या जंगलातला साल जड आणि कणखर असतो, त्याच्या गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही आणि तो सागाहून स्वस्त पडतो. त्याचा दोष असा की तो सावकाश वाळतो आणि घाई केल्यास पिळतो व चिरतो. जाड तुळईला बारीक चिरा चालतात. पातळ झडपेला चालत नाहीत. म्हणून मध्यप्रदेशातले जाणते सुतार चौकट सालाची आणि झडपा सागाच्या करतात. भिंतीत घट्ट बसलेल्या चौकटीला जोर हवा, दिवसातून शंभरदा उघडणाऱ्या झडपेला हलकेपणा आणि स्थिरता हवी. एकाच दारात दोन जागा आणि दोन लाकडे, असा हा विचार आहे.

ऐन, ज्याला इंदूरच्या बाजारात साज म्हणतात, तोही जड आणि बळकट आहे. तुळया-वाशांना तो चालतो, मात्र वाळताना चिरण्याची खोड त्याला आहे. बिबळा अथवा बीजा हा सागाला जवळचा म्हणावा असा टिकाऊ वृक्ष; पण ओला झाला की त्यातून पिवळा रंग उतरतो. ज्याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून मधुमेही सकाळी पितात ते हेच लाकूड. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीलगत पावसात भिजणाऱ्या जागी ते लावल्यास डाग पडतील हे उघड आहे. निमाडातला अंजन हा आपल्याकडील अत्यंत जड लाकडांपैकी एक. तो पाण्यात टाकला तर बुडतो. ठोकळा, खुंटा, जमिनीलगतचा खांब अशा जागी तो शोभतो; परंतु खिळा ठोकू पाहणाऱ्याची आणि रंधा मारणाऱ्याची तो परीक्षा पाहतो. बाभूळ, धावडा आणि तिवस ही चिवट लाकडे. शतकानुशतके गाडीची चाके, आस आणि अवजारांचे दांडे त्यांचेच होत आले, कारण त्या जागी धक्का सोसण्याचा गुण लागतो. देवदार हिमालयातून येतो. तो हलका, सुवासिक आणि टिकाऊ असून खिडक्या-कपाटांना उत्तम. मात्र ताठरपणात तो सागाच्या मागे असल्याने लांब तुळईला योग्य नव्हे, आणि त्याच्या गाठींतून पाझरणारे तेल रंगाला डाग पाडते. आंबा, सावर आणि सालई ही मऊ व नाशवंत लाकडे खोक्यांना आणि स्लॅबच्या तात्पुरत्या फळ्यांना बरी. स्वस्त म्हणून ती चौकटीला लावणे म्हणजे दोन-चार पावसाळ्यांनी पुन्हा सुताराला बोलावणे होय.

तुळईच्या बाबतीत लाकडाच्या जातीइतकेच महत्त्व तिच्या आकाराला आहे. तुळईची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि न वाकण्याचा गुण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १०० मिलिमीटर रुंद आणि २०० मिलिमीटर उंच अशी तुळई उभी ठेवली, तर तीच आडवी ठेवल्यापेक्षा दुप्पट भार उचलते आणि तेवढ्याच भाराखाली चौथ्या हिश्श्यानेच वाकते. लाकूड तेच, खर्च तोच. फरक फक्त ठेवण्याचा. जुन्या वाड्यांतील कडीपाटाच्या कड्या पाहिल्या तर सुतारांना अनुभवाने हे ठाऊक होते असे दिसते. खांब थेट मातीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा करण्याची त्यांची रीतही तशीच शहाणपणाची. लाकूड आणि जमीन यांच्यामध्ये दगडाचा तुकडा घातला की ओल तुटते आणि वाळवीची वाट उघडी पडते. राजवाड्याच्या दर्शनी भागात जे तीन मजल्यांनी साधले आहे, तेच साध्या घरात हा वीतभर दगड साधतो.

लाकडाचा विचार करताना आगीचा विषय टाळता येत नाही, आणि इंदूरला तर तो मुळीच टाळता येत नाही. १७४७ साली मल्हारराव होळकरांनी आरंभिलेला राजवाडा १८०१ मध्ये सर्जेराव घाटगे यांच्या फौजेने जाळला. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाली आणि दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत, दिवाण तात्या जोग यांच्या काळात, त्याची पुन्हा उभारणी झाली. १९८४ च्या दंगलीत वाड्याच्या मागच्या भागाला पुन्हा आग लागली. तो भाग या शतकाच्या पहिल्या दशकात पारंपरिक पद्धतीने नव्याने उभा करण्यात आला. यावरून लाकूड अग्नीपुढे अगदीच दुबळे असते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धवट आहे. पातळ फळी, जाळीदार सज्जा, पडदे यांना आग चटकन धरते. जाड तुळई मात्र वरून कोळसा होत जाते, आणि हा कोळशाचा थरच आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. दाट लाकडात ही जळण मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येक बाजूने सुमारे १५ मिलिमीटर. २०० मिलिमीटर जाडीच्या तुळईचा गाभा त्यानंतरही भार पेलीत उभा राहू शकतो. तथापि लाकडाची कोणतीही जात घराला आगीपासून निर्धास्त करीत नाही. स्वयंपाकघर, विजेच्या तारांची जागा आणि जिन्याखालची अडगळ यांजवळ पातळ फळ्यांचे काम कमीत कमी ठेवावे, आणि जिना मोकळा ठेवावा, हाच खरा उपाय.

आता बाजाराकडे वळू. मध्यप्रदेशाच्या सागाची परंपरा मोठी आहे. नर्मदेच्या दक्षिणेस सातपुड्यातले बोरीचे जंगल १८६५ साली राखीव झाले. देशातील आद्य राखीव जंगलांत त्याची गणना होते. बैतूल, हरदा, खंडवा या भागांतील सरकारी काष्ठागारांत आजही सागाचे लिलाव होतात. परंतु चांगला साग इमारतीजोगा होण्यास साधारण साठ ते ऐंशी वर्षे लागतात, आणि मागणी तेवढे थांबत नाही. त्यामुळे आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील लागवडीचा सागही गुजरातच्या बंदरांतून येतो. ब्रह्मदेशाने २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. लागवडीतला, लवकर तोडलेला साग वाईटच असतो असे नव्हे. पण कोवळ्या झाडात गाभा कमी आणि पांढरा थर अधिक असतो. ‘परदेशी’ अथवा ‘देशी’ या शब्दावर न जाता गाभ्याचे प्रमाण, रेषांचा सरळपणा, गाठी आणि वाळवण या चार गोष्टी पाहाव्यात. सोबत पावती आणि वाहतुकीचा परवाना मागावा. चोरट्या तोडीचे लाकूड स्वस्त पडले तरी ते घेणारा स्वतःवर कायद्याचे संकट ओढवून घेतो आणि जंगलाचेही नुकसान करतो.

मापाची गोष्टही समजून घेतलेली बरी. ओंडका घनफुटांत मोजताना त्याच्या घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात व त्याला लांबीने गुणतात. ४ फूट घेराचा आणि १० फूट लांबीचा ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. वास्तविक त्याचे घनफळ पावणेतेरा घनफुटांच्या आसपास असते. हा फरक सालीच्या व कापणीतील तुटीच्या पोटी सोडलेला असतो. ओंडका घेऊन कापविणे आणि कापलेला माल घेणे यांचे भाव ताडून पाहताना तूट किती गेली याचा हिशेब लेखी ठेवावा. तोंडी बोलण्यावर विसंबू नये.

आजच्या सिमेंटच्या घरात खांब-तुळयांचे काम लोखंड व काँक्रीटने घेतले आहे, आणि लाकडाकडे चौकटी, झडपा, कपाटे एवढेच उरले आहे. तेथेही जागेचा नियम चालतो. स्नानगृहाच्या दाराला, मोरीखालच्या कपाटाला पाण्याला टिकणाऱ्या सरसाचे, ७१० क्रमांकाच्या मानकाचे प्लायवूड घ्यावे. कोरड्या खोलीतल्या कपाटाला त्याची आवश्यकता नाही. चौकटीचे जे अंग भिंतीला लागते आणि जे टोक फरशीत जाते, तेथे रंधा मारून झाल्यावर वाळवीप्रतिबंधक द्रव्य लावल्याखेरीज चौकट बसवू नये. बाहेरून दिसणाऱ्या अंगाला चकाकी आणि न दिसणाऱ्या अंगाला काहीच नाही, अशी रीत सर्वत्र आढळते. वाळवी मात्र न दिसणाऱ्या अंगानेच येते.

इंदूर, देवास, धार, उज्जैन येथील जुने मराठी वाडे एकेक करून पाडले जात आहेत. या घरमालकांना शेवटी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. वाडा पाडताना मालक बहुधा मातीचा ढिगारा कोण उचलून नेईल याच विवंचनेत असतो, आणि जुन्या कड्या-पाटांसकट सारा ‘मलबा’ ठेकेदाराला देऊन टाकतो. परंतु दाट वाढीच्या जंगलातल्या जुन्या सागाच्या त्या कड्या शंभर-दीडशे उन्हाळे-पावसाळे पाहून स्थिर झालेल्या असतात. बाजारात पैसे टाकूनही तसे लाकूड आज सहज मिळत नाही. प्रत्येक कडी ठोकून आवाज ऐकावा, भिंतीत गेलेली टोके कापून पाहावीत, खिळे काढावेत आणि जे सोबत नेण्याजोगे आहे ते नव्या घराच्या दारांसाठी, देवघरासाठी, जिन्यासाठी राखून ठेवावे. कुजलेली टोके कापून टाकली म्हणजे मधला भाग बहुधा शाबूत निघतो, कारण तो ओलीपासून दूर होता. आजोबांच्या वाड्यातली तुळई नातवाच्या घराची चौकट होऊन पुन्हा उभी राहू शकते. मात्र तिची नवी जागा निवडतानाही पहिला प्रश्न तोच विचारावा लागेल: येथे ओल किती, ऊन किती, भार किती? त्याचे उत्तर मिळाले म्हणजे लाकडाचे नाव आपोआपच सुचते.